कर्णाची गोष्ट नेमकी कोण सांगतंय?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने मराठीला कर्ण दोनदा दिला. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची आणि कोवाडच्या रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. त्यामुळे इथला मराठीचा विद्यार्थी पीएच.डी.साठी विषय शोधायला बसला की कर्ण हमखास वर येतो. शीर्षकही बहुतेक ठरलेलं असतं, ‘कर्णावरील अन्याय’. विषय वाईट नाही, पण शीर्षकातच निकाल लागलाय. मग पुढची चार वर्षं तुम्ही शोधणार काय?

त्याऐवजी असं विचारून बघा: कर्णाची मूळकथा कोण सांगतं, कुणाला सांगतं आणि कधी?

‘मूळकथा’ हा शब्द मी इथे सुपरहिरो कॉमिक्समधल्या ‘ओरिजिन स्टोरी’साठी वापरतेय. नाक मुरडू नका, उदाहरण कामाचं आहे. १९६६ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८ व्या अंकात सिल्व्हर सर्फर पहिल्यांदा आला. ग्रह गिळत फिरणाऱ्या गॅलॅक्टसला पुढचा ग्रह शोधून देणारा हा दूत. दुय्यम पात्र, पुरता खलनायक नाही, पण हात स्वच्छही नाहीत. चित्रकार जॅक कर्बीच्या मनात तो निव्वळ ऊर्जेतून घडलेला होता, मागचं आयुष्यच नसलेला. १९६८ मध्ये लेखक स्टॅन लीने त्याला भूतकाळ दिला: स्वतःचा ग्रह वाचवण्यासाठी त्याने गॅलॅक्टसची चाकरी पत्करली होती. झालं! आधीचे अंक तेच राहिले, पण ते वाचताना आता आपण त्याच्या बाजूने असतो. मूळकथा लिहिली जाते नंतर आणि जाऊन बसते सगळ्यांच्या आधी.

आता महाभारत बघा. तिथे कर्णाचा जन्म तुकड्यातुकड्यांनी येतो. आदिपर्वात थोडक्यात, वनपर्वात कुंडलांच्या प्रसंगाला जोडून सविस्तर. उद्योगपर्वात आधी कृष्ण बोलतो, मग कुंती. दोघांनाही युद्धाआधी कर्णाला आपल्याकडे वळवायचंय. कृष्णाला कर्ण काय उत्तर देतो? हे सगळं मला ठाऊक आहे, फक्त युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. युधिष्ठिराला ते कळतं कर्ण मेल्यावर, कुंतीच्या तोंडून. शांतिपर्वात नारद त्याला कर्णाची उरलेली हकीकत सांगतात, शापांसकट. म्हणजे प्रत्येक वेळी ही कथा कुणीतरी काहीतरी साधायला सांगतंय, आणि ज्याची आहे त्याला ती सांगण्यात फारसा रस नाही.

‘मृत्युंजय’ने नेमकं हेच उलटवलं. सहा निवेदक, नऊ भाग, त्यातले चार कर्णाचे, आणि सुरुवातही त्याच्याच तोंडून. द्यूतसभेपर्यंत पोचेस्तोवर वाचक कर्णाच्या शेजारी जाऊन बसलेला असतो. जातीवरून, आडनावावरून जोखल्या गेलेल्या कितीतरी वाचकांना या कादंबरीत आपलं माणूस सापडलं. ही ताकद तुमच्या प्रबंधात आलीच पाहिजे.

पण द्यूतसभेत गाठ बसते. तिथे कर्ण द्रौपदीला कुलटा म्हणतो आणि तिची वस्त्रं काढायला दुःशासनाला सांगतो. हा मजकूर भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही आहे, नंतर कुणी घुसडला म्हणून सुटका नाही. मग आपण पटकन कारण पुढे करतो: स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणून तिने त्याचा अपमान केला होता ना!

हे कारण तपासा. कारण त्याच चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीचा हा नकार नाही. तो काही हस्तलिखितांतच मिळतो, म्हणून संपादकांनी त्याची जागा पाठभेदांच्या टिपांत ठेवली. मुख्य पाठात काय उरतं? अर्जुन पुढे येतो तेव्हा जमलेले ब्राह्मण कुजबुजतात की कर्ण-शल्यासारख्यांना जे धनुष्य वाकलं नाही ते या पोराला काय वाकणार. म्हणजे या पाठात कर्ण हरलाय, धनुष्यापुढे.

मग त्या शब्दांचं कारण काय? उद्योगपर्वात कृष्णाशी त्याच संभाषणात कर्ण स्वतःच बोलतो. दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्याचा आज मला पश्चात्ताप होतोय, असा त्याचा आशय. द्रौपदीच्या अपमानाचा तिथे उल्लेख नाही. मला हे कारण जास्त जड वाटतं. अंगदेश ज्याने दिला त्याच्या उपकाराखाली दबलेला माणूस त्याला खूश करायला कुठवर जातो, हे यात दिसतं. मूळकथेचा संबंध तुटत नाहीच; सूतपुत्र म्हणून हिणवलं गेलं, म्हणून दुर्योधनाचा हात धरला, म्हणून सभेत ते शब्द. फक्त या साखळीत द्रौपदी कुठेच गुन्हेगार नाही. आपल्या आवडत्या साखळीत मात्र तिच्यावर झालेल्या अत्याचाराचं पहिलं कारण तीच होऊन बसते. सहानुभूतीचा हा हिशोब कुणाच्या खात्यातून वळता होतोय, ते प्रबंधात मांडावं लागेल.

योगायोग बघा, चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ ला पुरं झालं, आणि १९६७ मध्येच ‘मृत्युंजय’ आली आणि इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ही. इरावतीबाई कर्णाला दयेची सवलत देत नाहीत. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तरी एक प्रकरण उभं राहील.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चिकित्सक आवृत्ती म्हणजे ‘खरं महाभारत’ आणि बाकी सगळं खोटं, असं व्हायव्हात म्हणालात तर परीक्षक सोडणार नाहीत. नकाराचा प्रसंग शतकानुशतकं लोकांनी ऐकलाय, तो परंपरेचा भागच आहे. त्यामुळे ‘महाभारतातला कर्ण’ असं मोघम लिहू नका. कुठल्या पाठातला, कुठल्या कादंबरीतला, ते प्रत्येक वेळी लिहा. आणि तो प्रसंग परंपरेत शिरण्याची गरज कुणाला पडली असेल, हा प्रश्नही तुमचाच आहे.

‘राधेय’कडे आज वळत नाही. पण देसाईंनी शीर्षकातच त्याला राधेचं नाव दिलंय, कुंतीचं नाही. तिथून सुरुवात करता येईल.