सुदान ब्लॅक लावण्याआधी तो पेपर पूर्ण वाचा

मंडईतून पालकाची जुडी आणा. चार पानं स्पिरिटमध्ये कुस्करून गाळा आणि अंधारात त्या रसावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा. हिरवा रस लाल दिसेल. डाय तर काहीच टाकलेला नाही! हा क्लोरोफिलचा स्वतःचा उजेड, म्हणजे ऑटोफ्लुरोसन्स. प्राण्यांच्या ऊतींत क्लोरोफिल नसलं तरी कोलॅजन, इलॅस्टिन, फ्लेविन असतात, आणि वय झालेल्या न्यूरॉन्समध्ये लिपोफस्किन. हे शेवटचं सगळ्यात त्रासदायक, कारण ते हिरव्या चॅनलमध्येही दिसतं आणि लालमध्येही. फिल्टर बदलून सुटका होत नाही.

यावर हमखास उद्धृत होणारा पेपर म्हणजे श्नेल, स्टेन्स आणि वेसेनडॉर्फ यांचा, १९९९ चा. चेतासंस्थेच्या ऊतींवर त्यांनी दोन उपाय दाखवले: पीएच ५ च्या अमोनियम ॲसिटेट बफरमध्ये १ ते १० मिलीमोलर कॉपर सल्फेट, किंवा ७० टक्के इथेनॉलमध्ये १ टक्का सुदान ब्लॅक बी. काम प्रामाणिक आहे. लेबलिंगची तीव्रताही थोडी घटते, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. उपायाला ते तडजोडच म्हणतात.

नेमकं हेच वाक्य पुढच्या लोकांनी गाळलं. मेथड्समध्ये ‘सुदान ब्लॅक वापरलं’ एवढीच ओळ, कंट्रोलचं चित्र कुठेच नाही. पण ‘थोडी’ म्हणजे किती? तुमचं प्रथिन मुळातच कमी असेल, तर तेवढ्यात ते गायब होऊ शकतं. शिवाय सुदान ब्लॅक स्वतः फार-रेडमध्ये पार्श्वभूमी वाढवतं, आणि नंतर डिटर्जंटने धुतलं तर निघून जातं. म्हणून ते अँटिबॉडीनंतर लावायचं. आणि हा पेपर लिपोफस्किनबद्दल आहे. तुमची अडचण कोलॅजनची असेल, तर त्याचा दाखला देऊन काय उपयोग?

पहिल्या वर्षी मी जे दाणे सिग्नल समजून मोजले, ते न रंगवलेल्या स्लाइडवरही जसेच्या तसे होते. तीन आठवडे पाण्यात.

तेव्हा आधी त्याच ऊतीच्या चार स्लाइड काढा: न रंगवलेली, न रंगवता सुदान ब्लॅक लावलेली, फक्त सेकंडरी अँटिबॉडीची, आणि पूर्ण रंगवलेली. चारींना एक्सपोजर एकच. ऑटो एक्सपोजर बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा रिकामी स्लाइडसुद्धा उजळून दाखवेल.