अॅडमिरल मिट्शर याचा मिडवेचा अहवाल : एक चिकित्सा

अस्सल कागद हातीं आला कीं वाद मिटला, अशी आपल्या संशोधकवर्गाची एक दृढ श्रद्धा आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करून बखरींच्या प्रामाण्यास जो जबर धक्का दिला, त्यापासून ही श्रद्धा वाढीस लागली, व ती बहुतांशीं योग्यच आहे. परंतु कागद अस्सल असणें आणि त्यांतील मजकूर खरा असणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. हा भेद ज्यांत लख्ख दिसतो असें एक प्रकरण अमेरिकेच्या आरमारी इतिहासांत आहे. तेथें अस्सल कागद एका बाजूस आहे व म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी दुसऱ्या बाजूस आहेत. आणि आमच्या मतें आठवणींचें पारडें जड आहे.

कागद आहे मार्क अँड्र्यू मिट्शर या दर्यावर्दी वैमानिकाचा. याचा जन्म २६ जानेवारी १८८७ रोजीं विस्कॉन्सिन प्रांतांत झाला. अॅनापोलिस येथील आरमारी विद्यालयांतून तो १९१० सालीं बाहेर पडला व १९१६ सालीं आरमाराचा ३३ व्या क्रमांकाचा वैमानिक झाला. १९१९ च्या मे महिन्यांत अटलांटिक ओलांडण्यास निघालेल्या तीन उडत्या नौकांपैकीं ‘एनसी–१’ वर तो होता. ती अझोर्स बेटांजवळ धुक्यांत समुद्रावर उतरली, आणि पार पडण्याचा मान ‘एनसी–४’ कडे गेला. पुढें ‘साराटोगा’ या विमानवाहू जहाजावर १९२८ सालीं पहिलें विमान यानेंच उतरविलें. ज्या काळीं आरमारांतील वरिष्ठ अधिकारी विमानास तोफेपुढें खेळणें समजत, त्या काळीं हा मनुष्य सारें आयुष्य त्याच खेळण्यास वाहून बसला होता, एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुरे. १९४१ च्या ऑक्टोबरांत ‘हॉर्नेट’ हें नवें जहाज त्याच्या स्वाधीन झालें, व १८ एप्रिल १९४२ रोजीं टोकियोवर गेलेलीं डूलिटलचीं विमानें याच जहाजावरून उडालीं.

आतां मुख्य विषय. ४ जून १९४२ रोजीं मिडवे बेटाजवळ जी लढाई झाली, तींत जपानचीं चार विमानवाहू जहाजें बुडालीं. त्या सकाळीं ‘हॉर्नेट’ वरून सुमारें साठ विमानें उडालीं. पैकीं जॉन वॉल्ड्रन याच्या पथकाचीं १५ टॉर्पेडो–विमानें शत्रूपर्यंत पोंचलीं व तीं सर्व पडलीं. त्यांतील ३० माणसांपैकीं जॉर्ज गे हा एकटा वांचला. बाकीच्या बाँबफेक्या व लढाऊ विमानांना शत्रु दिसलाच नाहीं. दहाही लढाऊ विमानें तेल संपून समुद्रांत उतरलीं व त्यांचे दोन वैमानिक कायमचे नाहींसे झाले. बाँबफेकी विमानें कांहीं जहाजावर परतलीं, कांहीं मिडवेवर उतरलीं. शत्रूचीं जीं तीन जहाजें सकाळीं पेटलीं, तीं ‘एंटरप्राइज’ व ‘यॉर्कटाउन’ यांच्या विमानांनीं पेटविलीं. ‘हॉर्नेट’ चा त्यांत बाँबचा वांटा नाहीं.

हें असें कां झालें, याचें उत्तर देणारा समकालीन सरकारी कागद एकच : मिट्शरच्या सहीचा १३ जून १९४२ चा अहवाल. त्याचा आशय असा कीं, विमानें नैर्ऋत्येस, २३९ अंशांच्या मार्गानें, म्हणजे शत्रु जेथें असावा असें अनुमान होतें तिकडेच गेलीं; परंतु शत्रूनें मध्येंच उत्तरेकडे तोंड फिरविल्यामुळें चुकामूक झाली. हकीकत वाचतांना सुसंगत वाटते, आणि पुढील पन्नास वर्षें बहुतेक पुस्तकांतील नकाशे तिच्याच आधारें काढले गेले.

या अहवालाची परीक्षा आपल्या नेहमींच्या कसोट्यांनीं करूं. पहिली कसोटी सोबतच्या कागदांची. नियमाप्रमाणें प्रत्येक पथकाच्या नायकानें व सर्व विमानांचा नायक स्टॅनहोप रिंग यानें आपापला अहवाल द्यावयाचा. ‘एंटरप्राइज’ चे असे कागद उपलब्ध आहेत. ‘हॉर्नेट’ चा त्या दिवसाचा एकही नाहीं. दप्तरांतून एखादा रुमाल गहाळ होणें आपल्याला नवें नाहीं. पण एकाच जहाजाचे, एकाच दिवसाचे, सर्वच कागद नसावेत, हा वाळवीचा प्रताप म्हणवत नाहीं. दुसरी कसोटी समकालीनांच्या मताची. मिट्शरचा वरिष्ठ स्प्रूअन्स यानें आपल्या निवेदनांत लिहून ठेविलें आहे कीं, दोन जहाजांच्या अहवालांत जेथें फरक पडेल तेथें ‘एंटरप्राइज’ चा अधिक विश्वसनीय धरावा. स्प्रूअन्स हा अबोल मनुष्य. त्यानें हें वाक्य उगीच घातलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

तिसरी कसोटी भूगोलाची, आणि येथें अहवालाचा पाया खचतो. २३९ अंशांची रेषा नकाशावर ओढून पाहावी : ती जपानी जहाजांच्या इतक्या जवळून जाते कीं, उंचावरून जाणाऱ्या तीसचाळीस विमानांतून एकासही धूर दिसूं नये हें नवल ठरेल. शिवाय वॉल्ड्रन हा वाटेंत रिंगशीं रेडिओवर भांडून आपलें पथक घेऊन डावीकडे वळला, ही आठवण अनेक वैमानिकांची आहे. २३९ च्या रेषेवरून डावीकडे वळणारा मनुष्य शत्रूपासून दूर जातो. तो शत्रूवर नेमका जाऊन आदळला, त्या अर्थीं मूळ रेषा बरीच उत्तरेस असली पाहिजे. पथकनायकांपैकीं वॉल्टर रोडी यानें पुढें स्पष्टच सांगितलें कीं, मार्ग सुमारें २६५ अंशांचा, म्हणजे जवळजवळ थेट पश्चिमेचा होता.

रोडीची ही साक्ष मिळविली बोवेन वाइसहाइट यानें. हा धंद्यानें इतिहासकार नव्हे. नाहींशा झालेल्या दोघां वैमानिकांपैकीं केली नांवाच्या तरुणाचें शेवटीं काय झालें, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यानें हयात वैमानिकांना गांठलें, आणि समुद्रांतून काढलेले लढाऊ वैमानिक ज्या ज्या जागीं सांपडले त्या जागा नकाशावर मांडून विमानांचा मार्ग उलटा शोधून काढला. त्याचें पुस्तक केलीच्या नांवच्या स्मारकनिधीनें १९९३ सालीं प्रसिद्ध केलें. एका माणसाच्या मृत्यूचा छडा लावतां लावतां एका लढाईचा नकाशा बदलला, हा या प्रकरणांतील सर्वांत वाचनीय भाग होय. आणि असलें काम विद्यापीठाबाहेरच्या, एकाच विषयानें झपाटलेल्या माणसांकडूनच बहुधा होतें.

अधिकृत मार्ग खोटा, इतकें आम्ही सिद्ध मानतों. तो खोटा कां लिहिला, हा प्रश्न निराळा. क्रेग सिमंड्स यानें २०११ च्या आपल्या ग्रंथांत असें मांडलें आहे कीं, टेहळणीच्या विमानानें शत्रूचीं दोनच विमानवाहू जहाजें कळविल्यामुळें उरलेलीं मागें असावींत असा तर्क करून मिट्शरनेंच विमानें पश्चिमेस धाडलीं. डाव फसल्यावर, आणि खरी हकीकत लिहिली तर मेलेल्या वॉल्ड्रनवर हुकूममोडीचा ठपका येईल हें पाहून, अहवालावर पांघरूण घातलें गेलें. तर्क सुरेख आहे. वॉल्ड्रनला मरणोत्तर ‘नेव्ही क्रॉस’ मिळाला, ही गोष्टही त्याशीं जुळते. पण पश्चिमेचा हुकूम मिट्शरनें दिल्याचा कागद कोठेंही नाहीं, आणि हेतूविषयीं तर अनुमानापलीकडे कांहींच नाहीं. मेल्या माणसाची अब्रू वांचविणें व स्वतःची वांचविणें हे दोन हेतु एकाच खोट्या वाक्यांत सुखानें नांदूं शकतात; सिमंड्स पहिल्यास जितकी जागा देतो तितकी देण्यास आम्ही तयार नाहीं. लढाईच्या सुमारासच मिट्शरची रिअर अॅडमिरलच्या पदावर निवड झालेली होती, हेंही विसरून चालणार नाहीं.

थिओडोर टेलर यानें १९५४ सालीं लिहिलेलें चरित्र या ठिकाणीं उपयोगी पडत नाहीं. टेलरचें लिहिणें चटकदार आहे, माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. उन्हापासून डोकें वांचविणारी ती लांब टोपी, ती कुजबुजल्यासारखी बोली, पाठमोरें बसण्याची ती संवय, सर्व उत्तम. परंतु ग्रंथाच्या नांवांतच ‘भव्य’ हें विशेषण घालणाऱ्या चरित्रकारापासून चिकित्सेची अपेक्षा करणें व्यर्थ. पुढील काळाबद्दल मात्र तो वाचावा. १९४४ पासून विमानवाहू जहाजांच्या महान् ताफ्याचा नायक म्हणून मिट्शरनें जें केलें त्यास तोड नाहीं. २० जून १९४४ च्या रात्रीं, तेल संपत आलेलीं विमानें अंधारांत परतत असतां, पाणबुड्यांची भीति न धरतां त्यानें जहाजांचे दिवे लावविले. ऐंशीच्या आसपास विमानें गेलीं, तरी बहुतेक माणसें वांचलीं. ही मिडवेच्या त्या बुडालेल्या वैमानिकांची भरपाई होती, असें कांहीं लेखक सुचवितात. ही कादंबरी झाली. तिला आधार नाहीं.

स्वतः मिट्शरच्या कागदांतून उलगडा होण्याची आशा बहुधा सोडावी लागेल. ११ मे १९४५ रोजीं ओकिनावाजवळ ‘बंकर हिल’ या त्याच्या जहाजावर दोन आत्मघातकी विमानें आदळलीं, जवळजवळ ४०० माणसें मेलीं, व त्या आगींत त्याच्या खोलींतील खासगी कागदपत्रही जळाले. १९४६ सालीं तो पूर्ण अॅडमिरल झाला, अटलांटिक आरमाराचा मुख्य झाला, आणि ३ फेब्रुवारी १९४७ रोजीं नॉरफोक येथें, साठ वर्षांचा असतां, वारला. मिडवेविषयीं त्यानें वेगळें कांहीं लिहून ठेविलेलें नाहीं.

रिंगचें मात्र एक पत्र निघालें. २८ मार्च १९४६ रोजीं त्यानें मिडवेची आपली हकीकत लिहून ठेविली होती. ती त्याच्या पश्चात् घरच्या कागदांत सांपडली व अमेरिकेच्या आरमारी संस्थेच्या मासिकांत १९९९ च्या ऑगस्टांत छापली गेली. तीनेंही वाद मिटत नाहीं. पण एका कुटुंबाच्या पेटींतून जें निघालें तें दुसऱ्याच्याही निघूं शकतें, आणि त्या सकाळीं ‘हॉर्नेट’ वरून उडालेल्या प्रत्येक वैमानिकास स्वतःची उड्डाण–वही होती.