ट्युलिप दिसलं की लगेच 1637 आठवू नका

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय आहे ‘समकालीन छापचित्रांतील ट्युलिप’. पुढची वाक्यं बहुतेक ठरलेली असतात. ट्युलिप म्हणजे हॉलंड, हॉलंड म्हणजे 1637 मध्ये कोसळलेला कंदांचा सट्टा, सट्टा म्हणजे भांडवलशाही. झालं, प्रकरण संपलं! चित्राकडे मात्र अजून कुणी पाहिलेलंच नाही.

ही सवय किती महागात पडते, ते ब्रिटिश कलाकार अ‍ॅना रिडलर यांच्या दोन कलाकृतींवरून बघू. ‘मायरिअड (ट्युलिप्स)’ (2018) साठी त्यांनी नेदरलँड्समध्ये 10,000 ट्युलिपचे फोटो काढले, छापले आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या हाताने वर्णन लिहिलं. याच फोटोंवर संगणकाला शिकवून ‘मोझेक व्हायरस’ हे व्हिडिओ-काम तयार झालं. त्यात यंत्राने रचलेली ट्युलिप उमलतात आणि त्यांच्या पाकळ्यांवरचे पट्टे बिटकॉइनच्या भावाप्रमाणे बदलतात.

चर्चा जास्त होते ती दुसऱ्या कामाची. मला पहिलं काम सरस वाटतं. का, ते सांगते.

‘मोझेक व्हायरस’मधला पट्टा आणि भाव यांचा संबंध नुसत्या डोळ्यांना कळत नाही, तो माहितीफलकावर वाचावा लागतो. शिवाय ही तुलना सट्ट्याच्या ज्या गोष्टीवर उभी आहे, ती गोष्टच वादात आहे. इतिहासकार अ‍ॅन गोल्डगार यांनी डच दप्तरं तपासून 2007 च्या पुस्तकात दाखवलं, की देशोधडीला लागलेल्या लोकांच्या कहाण्यांना फारसा पुरावा मिळत नाही. म्हणजे सट्टा झालाच नाही असं नव्हे. पण ‘अख्खा देश बुडाला’ हे गृहीत धरून विश्लेषण करू नका.

आता ‘मायरिअड’कडे या. काटेकोर बोलायचं तर हे फोटोप्रिंट आहेत. इथे कोरलेली प्लेट नाही. तुमचे गाईड हे विचारणारच. पण छापचित्राच्या खाली पेन्सिलने प्रतीचा क्रमांक आणि सही असते ना, नेमक्या त्या जागी इथे हस्ताक्षरातलं वर्गीकरण आहे. भिंतभर सारख्या आकाराचे फोटो, आणि खाली माणसाने घेतलेले हजारो छोटे निर्णय: हा गुलाबी की लाल? पट्टे आहेत की नाहीत? यंत्राच्या ‘डेटा’मागची मजुरी इथे फलक न वाचता दिसते.

आणि विषय ट्युलिपच का, याचं उत्तर सट्ट्यापेक्षा कंदात जास्त आहे. मूळ कंदाला फुटलेल्या पिल्लू-कंदातून तेच फूल पुन्हा येतं, म्हणजे प्रतच. ती बिघडवतो मावा किडीतून पसरणारा विषाणू. त्यानेच जुन्या ट्युलिपवर पट्टे उमटायचे. हे कारण 1928 मध्ये डोरोथी केली यांच्या प्रयोगांनी पुढे आणलं. त्याच्या कितीतरी आधी, 1798 मध्ये, रॉबर्ट थॉर्नटन यांच्या ‘टेम्पल ऑफ फ्लोरा’साठी रिचर्ड अर्लम यांनी अशाच पट्टेदार ट्युलिपची प्लेट केली. त्या ग्रंथातल्या प्लेट रंगात छापून वर हाताने रंगवल्या जात, मधेमधे दुरुस्तही होत. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत जुळतीलच असं नाही. सारखेपणातून निसटणारा फरक हा कंदाचा प्रश्न आहे आणि छापचित्राचाही. ‘मायरिअड’ तो 10,000 वेळा विचारतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक करा. निवडलेल्या चित्राचं पानभर वर्णन लिहा: कागद, माध्यम, आकार, प्रतींची संख्या, कडेची अक्षरं. त्या पानात ‘प्रतीक’ हा शब्द वापरायचा नाही. मग गाईडकडे जा.