गिळलेला जंतू मेलाच नाही तर?

शाळेच्या भिंतीवरचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक; जंतू दिसला की गिळून टाकतात. जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत हा तक्ता समजावून सांगत असताना एका मुलीने मला विचारले, "गिळलेला जंतू मेलाच नाही तर?" तक्त्यात याचे उत्तर नाही. तोच त्याचा मोठा दोष.

हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी पक्ष्यांची व वटवाघळांची विष्ठा मिसळलेल्या मातीत वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात गेले की शरीराच्या उबेत त्यांचे यीस्ट बनते. महाभक्षी पेशी ते गिळते खरी. पण यीस्ट तिच्या पोटातच जगते, वाढते. १९०६ साली या जीवाचे वर्णन करणाऱ्या सॅम्युएल डार्लिंग यांना तो काळा आजाराच्या परजीवीसारखा वाटला होता, कारण तोही याच पेशींत राहतो.

दुसरे सदोष चित्र औषधाचे. अँफोटेरिसिन बी बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटते. आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉललाही ते थोडे चिकटते. त्यातून मूत्रपिंडांना इजा होते. हेच औषध लिपोसोमच्या, म्हणजे सूक्ष्म स्निग्ध पिशवीच्या, भिंतीत बसवून दिले की 'नेम धरून' जाते, असे सांगितले जाते. पिशवीला कसला आलाय नेम? बाहेरचा कण म्हणून महाभक्षी पेशीच तिला गिळते. ज्या वाटेने यीस्ट आत गेले, त्याच वाटेने औषधही जाते! मूत्रपिंडांच्या वाट्याला मात्र ते कमी येते.

असे औषध आपल्याकडेही तयार झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या रुग्णांवर चाचण्या केल्या.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्रातली कुटुंबे या इंजेक्शनसाठी वणवण फिरली. ती बुरशी महाभक्षी पेशींत दडून वाढणारी नव्हे. तिथे लिपोसोमचा उपयोग मुख्यतः मूत्रपिंडे सांभाळून मोठी मात्रा देता येण्यासाठी. साध्या औषधाची रोजची मात्रा वजनाच्या दर किलोला साधारण १ मिलिग्रॅम, लिपोसोममधल्याची ३ ते ५. नाव एकच म्हणून दोन्हींची गल्लत झाली, तर जिवावर बेतते.

लहान मुलांना सैनिक जरूर दाखवावेत. पण तक्त्याखाली त्या मुलीचा प्रश्नही लिहून ठेवावा. विज्ञानाचा खरा धडा तिथून सुरू होतो.