उरलेल्या सहचारिणीचे दालन : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या छायाचित्रांचे वाचन

परदेशी वैद्यकीय सेवेसाठी गेलेल्या व्यक्तीच्या निधनानंतर तिची तेथील छायाचित्रे जोडीदाराने लोकांसमोर मांडणे, ही घटना आपल्याकडे श्रद्धांजलीच्या सदरात टाकली जाते आणि तेथेच तिची चर्चा संपते. वस्तुतः ती एक वाङ्मयीन कृती आहे. कोणते छायाचित्र दाखवायचे, कोणते पेटीत ठेवायचे, खाली काय लिहायचे, यांतून एका आयुष्याचे कथन सिद्ध होते. प्रस्तुत लेखात या कृतीचा विचार मराठी समाजाला सर्वाधिक परिचित अशा उदाहरणाच्या, म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

तपशील ज्ञात आहेत. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून रवाना झाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी हे इतर चौघे टप्प्याटप्प्याने परतले, कोटणीस राहिले. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये संचालक झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याच्या ‘यिन्‌हुआ’ या नावात ‘यिन्’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

या चार वर्षांची जी छायाचित्रे पुढे प्रसिद्ध झाली, त्यांच्याविषयी पहिला प्रश्न असा की ती कोणाची? ‘कोटणीसांची छायाचित्रे’ या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्ती फसवी आहे. ती कोटणीसांनी टिपलेली नव्हेत, कोटणीसांना टिपलेली आहेत. ज्या सीमाप्रदेशात ते काम करीत होते, तेथेच शा फेई हे छायाचित्रकार कार्यरत होते. बेथ्यून यांना त्यांनी छायाचित्रांत बांधून ठेवले, आणि बेथ्यून यांनीही आपला कॅमेरा त्यांच्याकडे जावा अशी अंतिम इच्छा लिहून ठेवली. १९४२ मध्ये त्या प्रदेशात सचित्र नियतकालिक सुरू झाले ते याच छायाचित्रकारांच्या बळावर. म्हणजे तेथील कॅमेरा हा युद्धाचा एक विभाग होता. परदेशी डॉक्टर आपल्या बाजूने उभा आहे, हे जगाला दाखविणे त्याचे काम होते. हा हेतू सांगितल्याने त्या प्रतिमांचे मोल कमी होत नाही. मात्र सैनिकी टोपी घातलेले कोटणीस पाहताना तो नजरेआड केला, तर आपण छायाचित्र न वाचता केवळ त्याला नमस्कार करीत असतो.

तेच छायाचित्र विधवेच्या हाती आले की त्याचा अर्थ बदलतो. १९४० मधील लढाईच्या वेळी कोटणीसांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असे चरित्रांत नोंदलेले आढळते. बहात्तर तास कॅमेऱ्यात मावत नाहीत. त्याच रुग्णसेवेत वावरलेली सहचारिणी ते शब्दांत सांगू शकते. ‘माय लाइफ विथ कोटणीस’ हे क्वो छिंगलान यांचे आत्मकथन मला महत्त्वाचे वाटते ते या कारणाने. नायकाच्या प्रतिमेशेजारी तेथे सहकाऱ्याची साक्ष येते. पुढे त्यांचा दुसरा संसार झाला. यिन्‌हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. त्या स्वतः २०१२ पर्यंत जगल्या. सुमारे सत्तर वर्षे, म्हणजे वैवाहिक सहवासाच्या कितीतरी पट काळ, त्या एका वर्षाच्या संसाराच्या साक्षीदार म्हणून दोन राष्ट्रांच्या समारंभांत उभ्या राहिल्या. या ओझ्याची दखल आपल्या समीक्षेने घेतलेली नाही.

घेणार तरी कशी? आपल्या मनातील क्वो छिंगलान अद्याप जयश्रीबाईंच्या चेहऱ्याच्या आहेत. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेला व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये आला. चित्रपटाच्या शेवटी पत्नी बाळाला घेऊन पतीच्या घरी येते. प्रत्यक्षात त्या चीनमध्येच राहिल्या आणि भारतात नंतर पाहुण्या म्हणून आल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील प्रेक्षकाला सून घरी यायला हवी होती आणि शांतारामांनी ती आणून दिली. कलाकृती म्हणून याला आक्षेप नाही. पण एका जिवंत स्त्रीच्या शोकाचा शेवट दुसऱ्यांनी ठरविला, ही गोष्ट उरतेच.

आता छायाचित्रातील तिसरा पक्ष, म्हणजे रुग्ण. अशा प्रतिमांत डॉक्टरला नाव असते, रुग्ण ‘जखमी सैनिक’ किंवा ‘स्थानिक बालक’ असतो. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेचे दहावे कलम आपत्तिग्रस्तांना हतबल वस्तू म्हणून न दाखविता प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखविण्यास सांगते. आजही एखादा डॉक्टर परदेशी शिबिरातून शेकडो छायाचित्रे आणतो आणि त्याच्यामागे पत्नी किंवा पती ती उघडतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यानुसार छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि तो वारसाकडे येऊ शकतो. रुग्णाने डॉक्टरवर टाकलेला विश्वास मात्र वारसाहक्काने येत नाही. खाटेवरच्या माणसाने डॉक्टरला जवळ येऊ दिले होते, सभागृहातील प्रेक्षकांना नव्हे. शोक कितीही खरा असला तरी तो ही परवानगी देऊ शकत नाही, असे माझे मत आहे. ते काहींना कठोर वाटेल.

रोलाँ बार्थ यांनी छायाचित्रणावरील आपल्या १९८० च्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या ज्या छायाचित्राभोवती सारे विवेचन उभे केले, तेच छायाचित्र छापले नाही. इतरांसाठी ते सामान्य चित्रच ठरेल, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे, रोहा-वरसे परिसरातील कोणत्याही घरात पाहावे, दिवंगताचे एकच छायाचित्र चंदनाचा हार घालून भिंतीवर येते; बाकीची कपाटात राहतात. ही निवड कोणी शिकविलेली नाही, तरी तिच्यात बार्थ यांचाच विवेक दिसतो. सार्वजनिक स्मारकाची रीत याच्या उलट असते. तेथे सारे मांडावे लागते आणि मांडणीची सत्ता हळूहळू कुटुंबाकडून संस्थेकडे जाते. सोलापुरातील कोटणीस स्मारकात हे घडणे स्वाभाविकच होते.

या मांडणीच्या बाहेर जे राहते त्याचे उदाहरण पाच डॉक्टरांच्या सामूहिक छायाचित्रातच आहे. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आहेत, वयाने सर्वांत ज्येष्ठ. ते गेले, काम केले आणि परत आले. मराठी वाचकाला त्या चित्रातला दुसरा मराठी माणूस बहुधा ओळखता येत नाही, कारण त्यांच्या चेहऱ्याखाली कथन लिहिणारे कोणी पुढे आले नाही.