शेवटच्या मिनिटातलं शहाणपण

क्लिफर्ड नावाचा घराएवढा लाल कुत्रा अमेरिकेच्या सार्वजनिक टेलिव्हिजनवर बरीच वर्षं लहान मुलांचा लाडका होता. त्याच्या एका भागात गावात तीन पायांचा एक कुत्रा येतो. क्लिफर्डची मित्रमंडळी बिचकतात. त्याच्याशी कसं वागावं ते त्यांना कळत नाही आणि त्याचं दुखणं आपल्यालाही लागेल की काय, अशी भीती मनात डोकावते. शेवटी भीती जाते आणि सगळे एकत्र खेळायला लागतात. आपल्यापेक्षा वेगळ्या असणाऱ्यालाही आपलं म्हणावं, हे बनवणाऱ्यांना सांगायचं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मारी-लुईस मारेस आणि एमिली अकोस्टा यांनी हा भाग बालवाडीच्या वयाच्या मुलांना दाखवला आणि त्यांना यातून काय कळलं ते विचारलं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाच्या शीर्षकातच उत्तर आहे: तीन पायांच्या कुत्र्यांशी प्रेमानं वागा. बहुतेकांचा धडा कुत्र्यांपुरताच राहिला होता. तो माणसांना लागू करायचा, ही उडी त्या वयात आपोआप घेता येत नाही.

छोट्यांना रोजच्या जगण्यातलं काही शिकवू पाहणाऱ्या सगळ्याच मालिकांचं मर्म मला या अभ्यासात दिसतं. कार्यक्रम दहा मिनिटांचा असेल तर त्यातली आठ-नऊ मिनिटं भांडण, हट्ट, भीती, चिडवाचिडवी यांतच जातात आणि शहाणपण येतं शेवटच्या मिनिटाला. मोठ्या माणसाला शेवट महत्त्वाचा वाटतो, कारण गोष्ट तिकडेच चालली आहे हे त्याला ठाऊक असतं. चार वर्षांचं मूल मात्र जे डोळ्यांसमोर जास्त वेळ राहिलं तेच घरी नेतं. म्हणून अशा कार्यक्रमाची पारख करताना त्यानं काय सांगितलं यापेक्षा वेळ कशावर घालवला, हे मी आधी पाहते.

या कसोटीवर फ्रेड रॉजर्स यांच्या जवळ जाणारा माणूस अजून झालेला नाही. पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी केंद्रात तयार होणारी त्यांची ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ ही मालिका १९६८च्या फेब्रुवारीत देशभर दिसू लागली आणि २००१च्या ऑगस्टपर्यंत तिचे नवे भाग येत राहिले. रॉजर्स धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेले गृहस्थ, पण पडद्यावर त्यांनी प्रवचन केलं नाही. मार्गारेट मॅकफार्लंड या बालमानसतज्ज्ञ बाईंशी ते वर्षानुवर्षं आपल्या संहितांबद्दल बोलत असत.

१९७०मधला त्यांचा एक भाग आहे. नेहमीप्रमाणे माशांना खाणं घालायला ते काचेच्या टाकीपाशी येतात, तर तळाशी एक मासा निपचित पडलेला. ते त्याला जाळीनं उचलून मिठाच्या पाण्यात ठेवतात. जीव असेल तर हालचाल करील म्हणून. मासा हलत नाही. मग ते त्याला कागदात गुंडाळतात, अंगणात खड्डा खणतात, पुरतात. घरात येऊन लहानपणीच्या आपल्या कुत्रीची आठवण सांगतात: ती गेली तेव्हा रडू आलं होतं आणि तिला पुरू नये असं वाटलं होतं. पार्श्वसंगीतानं मुलाला रडवायचा प्रयत्न कुठे नाही आणि घाई तर नाहीच. मृत्यू म्हणजे काय, याची व्याख्याही नाही. मेलेला प्राणी हलत नाही आणि परत येत नाही, माणसाला त्याचं वाईट वाटतं आणि वाईट वाटलेलं माणूस बोलून दाखवू शकतो, हे सगळं मूल बघतं. भागातला बराच वेळ त्या एका माशाला दिलेला आहे. इथे धडा शेवटी जोडावा लागत नाही, कारण तो करण्यातच आहे.

सेसमी स्ट्रीटची वाट वेगळी. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमामागे जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी संशोधकांची फौज उभी केली. भाग तयार झाला की मुलांना दाखवायचा, त्यांची नजर कुठे भटकते ते टिपायचं, मग त्यांना प्रश्न विचारायचे, हा तिथला रिवाजच. दुकानदार मिस्टर हूपर यांचं काम करणारे विल ली १९८२च्या डिसेंबरात गेले, तेव्हा दुसरा नट आणणं सोपं होतं. निर्मात्यांनी ते केलं नाही. पुढच्या वर्षीच्या २४ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, आईवडील घरी असताना हूपर यांच्या जाण्यावरचा भाग दाखवला. बिग बर्ड हा भलामोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून वाटतो आणि हूपर यांचंही चित्र पुढे करतो. ते दूर गेलेत, झोपलेत अशी पळवाट न काढता मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारले आणि आता येणार नाहीत. यावर बिग बर्डचा प्रश्न अगदी त्या वयाचा आहे: मग माझं मिल्कशेक कोण करणार? त्याचंही उत्तर मिळतं. आपल्याकडे आजोबा बाप्पाकडे गेले असं सांगून विषय बदलला जातो आणि मूल पुढचे कित्येक दिवस दाराकडे बघत राहतं. असं सांगणाऱ्यांना मला हा भाग दाखवावासा वाटतो.

याच मंडळींनी १९९२मध्ये घटस्फोटावर एक भाग केला. स्नफी या केसाळ, सोंडवाल्या पात्राचे वडील घर सोडून जातात. चित्रीकरण झालं, खर्च झाला, प्रघाताप्रमाणे भाग मुलांना दाखवला. मुलं गोंधळली. आईबाबांचं स्नफीवर अजून प्रेम आहे, हे पडद्यावर सांगूनही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. उलट आपल्या घरात वाद झाला तर आपलंही असंच होईल, ही भीती मात्र पोचली. निर्मात्यांनी तो भाग कधीच प्रसारित केला नाही. पुढे २०१२मध्ये त्यांनी याच विषयावर टीव्हीबाहेर वापरायचं साहित्य केलं. त्यात अ‍ॅबी ही छोटी परी आपली दोन घरं चित्रात काढून दाखवते, एक आईचं आणि एक बाबांचं. ताटातूट होऊन गेलेली आहे. वेळ दिलाय तो दोन घरांत राहण्याला. एकाच विषयावरच्या या दोन प्रयत्नांत वीस वर्षांचं शहाणपण आहे.

नंतरच्या पिढीनं शिकवण्याचं तंत्र पक्कं केलं. १९९६च्या ‘ब्लूज क्लूज’मध्ये सूत्रधार प्रश्न विचारून खरोखर थांबत असे आणि एकच भाग आठवडाभर पाच दिवस दाखवला जाई, कारण त्या वयाला पुन्हा पुन्हा बघण्यातच मजा असते. तिच्या निर्मात्यांपैकी अँजेला सँटोमेरो यांनी २०१२मध्ये रॉजर्स यांच्या बाहुल्यांतल्या वाघोबाच्या छोट्या मुलाला नायक करून ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ आणली. राग आला की काय करायचं, शू लागली की काय करायचं, प्रत्येकाची एक छोटी धून. एका भागात दोन गोष्टी आणि दोन्हींत धडा तोच, म्हणजे तीन पायांच्या कुत्र्याची गत होऊ नये. हे उपयोगी आहे, यात शंका नाही. टेक्सस टेक विद्यापीठाच्या २०१६मधल्या अभ्यासात या मालिकेचा मुलांच्या समजूतदारपणावर परिणाम दिसला, पण घरी आईवडील टीव्हीवर पाहिलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी नेहमी बोलत होते तिथे. मला मात्र इथे रॉजर्स यांची उणीव जाणवते. प्रत्येक भावनेला लगेच तोडगा मिळतो. नुसतं वाईट वाटत राहायला मुलाला जागाच उरत नाही.

वेगाचीही दखल घ्यायला हवी. व्हर्जिनिया विद्यापीठात २०११मध्ये चार वर्षांच्या साठ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींनी नऊ मिनिटं ‘स्पंजबॉब’ हे वेगवान कार्टून पाहिलं, काहींनी संथ गतीचं एक कार्टून, काहींनी चित्रं काढली. लगेच नंतर घेतलेल्या खेळांत, जिथे धीर धरायचा आणि नियम ध्यानात ठेवायचे होते, स्पंजबॉब पाहणारी मुलं मागे पडली. या नऊ मिनिटांनी मुलांचं कायमचं नुकसान होतं, असं काही यातून सिद्ध होत नाही. पण यूट्यूबवर बालगीतांच्या नावाखाली डोळ्यांचं पातं लवायच्या आत दृश्यं बदलत असतात, तेव्हा त्या गाण्यातली दात घासण्याची शिकवण कितपत आत जात असेल, हे आईबापांनी स्वतःला विचारायलाच हवं.

गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त कौतुक झालं ते ‘ब्लुई’चं. कुत्र्यांच्या कुटुंबातल्या ब्लुई या छोट्या मुलीची, जो ब्रम यांची ही मालिका ब्रिस्बेनच्या लूडो स्टुडिओत तयार होते. २०१८च्या ऑक्टोबरात ती ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीवर आली; भाग जेमतेम सात मिनिटांचे. एका भागात ब्लुई आणि बाबांना जखमी बजरीगर पक्षी सापडतो. ते त्याला डॉक्टरांकडे नेतात, पण तो जगत नाही. घरी आल्यावर ब्लुई हाच प्रसंग खेळायला घेते. ती स्वतः बाबा, धाकटी बिंगो पक्षी, आई डॉक्टर. आई मायेपोटी पक्षी बरा झाला म्हणते, तर ब्लुई तिला थांबवते: जसं झालं तसंच करायचं. मुलं दुःख खेळून पचवतात, हे इतक्या नेमकेपणानं मी दुसरीकडे पाहिलं नाही. रॉजर्सनी जे केलं ते ब्लुई खेळाच्या रूपात करते, म्हणूनच ती मला त्यांची खरी वारस वाटते. एक खंत आहे. ब्लुईच्या आईबाबांना मुलांशी खेळायला जेवढा वेळ आहे, तेवढा लोकलनं दोन तास जाणाऱ्या-येणाऱ्या आईकडे नसतो आणि पडद्यासमोर बसलेल्या तिच्या मुलाला ते जाणवतं.

हे धडे सगळीकडे सारखेही नसतात. ब्रिटनच्या ‘पेप्पा पिग’मध्ये कोळी निरुपद्रवी असतो, त्याला घाबरू नये, असं सांगणारा एक भाग आहे. २०१२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसीनं तो दाखवणं बंद केलं, कारण तिथल्या काही कोळ्यांचा दंश जिवावर बेततो. आपल्या कोकणात विंचू घरात निघतो, उसाच्या फडात साप असतो. परदेशातलं शहाणपण डब करून आणताना हे कोण तपासतं?

आता आपल्याकडे वळते. २००६मध्ये सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’नं शाळेच्या गणवेशातली प्रश्न विचारणारी चमकी दिली, ते मोठं काम होतं. पण ते हिंदीत. २००८पासून राज्य राहिलं ते ‘छोटा भीम’चं. हैदराबादच्या राजीव चिलका यांनी देशी नायक उभा केला, याचा मान त्यांना द्यायलाच हवा. पण वेळेचा हिशोब मांडला की चित्र बदलतं. भीमाचा प्रतिस्पर्धी कालिया याचा मत्सर हा खरं तर लहान मुलांच्या जगातला केवढा मोठा विषय! त्याला असं का वाटतं, याला मालिका वेळ देत नाही. त्याची फजिती होते, सगळे हसतात. संकट आलं की भीम लाडू खातो, मग हाणामारी आणि शेवटी चांगुलपणाचं एक वाक्य. याच नायकाच्या बाळरूपावरची ‘माइटी लिटल भीम’ २०१९मध्ये आली, ती मला कितीतरी उजवी वाटते. तिच्यात संवादच नाहीत, त्यामुळे शेवटी उपदेश चिकटवायची सोय नाही.

आणि मराठीत? मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ होता. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरचा ‘गोट्या’ होता, तो जरा मोठ्या मुलांचा. पुण्यात १९८४मध्ये बालचित्रवाणी स्थापन झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ही सरकारी संस्था. तिची सुरुवातीची धून आजही अनेकांच्या कानात आहे. निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७मध्ये ती बंद झाली. खाजगी वाहिन्यांनी मुलांना पडद्यावर आणलं ते गायला आणि नाचायला. २००८-०९च्या ‘लिटल चॅम्प्स’ या गाण्याच्या स्पर्धेनं घराघरांतले मोठे भारावले, मुलं गात होती, पण कार्यक्रम मोठ्यांचा होता. करोनाकाळात, २०२०च्या जुलैत, सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ आली. पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या माणसांबरोबर, घरातल्याच वस्तूंतून शिकावं, अशी तिची रचना होती. मराठीत हे होऊ शकतं, याचा तो पुरावा. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी मात्र रोजच्या जगण्यावरचा, मराठीतच विचार केलेला असा नाव घ्यावा असा कार्यक्रम आज माझ्यासमोर नाही.

ज्या विषयांना वेळ द्यायला हवा, ते समोर पडलेले आहेत. आईबाबा ऊसतोडीला गेले की सहा महिने आजीजवळ राहणारं मूल. गाव सोडून पिंपरीच्या एका खोलीत आलेलं मूल. आजोबांच्या दहाव्याला घरात एवढी माणसं का जमली, हे कुणीच न सांगितलेलं मूल. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणारं आणि अंगणवाडीत पहिल्यांदा पुस्तकी मराठी ऐकून गप्प झालेलं मूल. यातला प्रत्येक विषय एका भागाला पुरून उरेल, अट एवढीच की कुणी शेवटी हात जोडून उपदेश करू नये.

पैशाचा प्रश्न खरा आहे. १९६९मध्ये रॉजर्स अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर बसले, तेव्हा पणाला लागलेले दोन कोटी डॉलर सार्वजनिक टेलिव्हिजनचे होते आणि ते त्यांनी समितीला पटवून मिळवून दिले. ब्लुईलाही सार्वजनिक वाहिनीचा आधार मिळाला. आपल्याकडे सह्याद्री आहे, राज्यात लाखभर अंगणवाड्या आहेत, बाहुलीनाट्याची आणि बालनाट्याची जाण असलेली माणसं आहेत. सकाळची पंधरा मिनिटं मिळाली तरी काम सुरू होईल. पण कॅमेरा लावण्याआधी निर्मात्यांनी अंगणवाडीत सतरंजीवर बसून मुलांना गोष्ट सांगून बघायला हवी आणि तयार झालेला भाग त्यांना दाखवून, काय कळलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. जो भाग त्यांना कळला नाही, तो खर्च झालेला असला तरी दाखवायचा नाही, एवढी तयारी असेल तरच या कामात पडावं.