दम लागत नाही, की कामच सोडलं?

दम्याच्या रुग्णांना परिचारिकेच्या आधाराचा काय फायदा होतो, असा विषय घेतलात की कॅलिस्टा रॉय हे नाव समोर येतंच. १९७० मध्ये त्यांनी आपलं प्रतिमान मांडलं. माणूस परिस्थितीशी जुळवून घेत असतो. परिचारिकेने त्याला त्यात मदत करायची. शरीर, स्वतःबद्दलची भावना, भूमिका आणि नाती अशा चार बाजूंनी रुग्णाकडे बघायचं. कल्पना उत्तमच आहे. गडबड होते ती मोजताना.

अशा अभ्यासात अनेकदा 'अस्थमा कंट्रोल टेस्ट' वापरतात. गेल्या ४ आठवड्यांबद्दल ५ प्रश्न, एकूण ५ ते २५ गुण. २० किंवा त्याहून जास्त आले की दमा आटोक्यात.

आता आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली एक बाई डोळ्यासमोर आणा. कापूस वेचायला जाते, चुलीत पऱ्हाट्या जाळते. धाप लागायला लागली तशी तिने वेचणी सोडली, पाणी भरणं सुनेकडे दिलं. महिन्याने तिचे गुण वाढले. पण पंप ती अजूनही चुकीचाच ओढते, रोजचा प्रतिबंधक पंप तर सुरूच केला नाही. तुमच्या तक्त्यात ती यशस्वी. घरात मात्र तिची मजुरी बुडाली. हे जुळवून घेणं झालं, नियंत्रण नाही. आणि रॉय यांच्याच चौकटीत बघा, भूमिकेच्या बाजूने ती हरली आहे! म्हणजे चूक प्रतिमानाची नाही. चारपैकी एकच बाजू मोजून आपण मोकळे होतो, ही खरी चूक.

दुसरी त्रुटी तुलना गटाची. माणूस दवाखान्यात येतो तो त्रास वाढल्यावर. त्यातले बरेच जण काहीही न करता पुढच्या महिन्यात थोडे बरे दिसतात. मग एकाच गटाची आधी-नंतर चाचणी घेऊन श्रेय कोणाला द्यायचं, परिचारिकेला की बदललेल्या हवेला?

२०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ५ अभ्यास आणि ५८८ रुग्ण होते. परिचारिकेची देखरेख आणि डॉक्टरांची देखरेख यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र 'फरक आढळला नाही' म्हणजे 'दोन्ही सारखेच' असं सिद्ध होत नाही, तेही एवढ्या थोड्या रुग्णांवरून.

मग करायचं काय? तुलना गट घ्या, दोन्ही गट एकाच हंगामातले ठेवा. 'पंप कसा घेता?' असं विचारू नका, 'घेऊन दाखवा' म्हणा आणि एकेक पायरी तपासा. पीक फ्लो मीटरवर फुंकायला लावा. आणि एक साधा प्रश्न जोडा: या महिन्यात कोणतं काम सोडलंत?

गुण वाढले आणि कामही सुरू राहिलं, तरच आधार उपयोगी पडला म्हणा.